आधी बघायचं, मग झाडू

"माणसं पाहिजेत" अशी पाटी फाटकावर लागली की येणाऱ्यांतले निम्मे तेच वाक्य बोलतात, "मला प्राणी फार आवडतात हो." आमचे सुपरवायझर शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "पाठ दुखते का?" समोरचा गोंधळतो. प्रश्न मात्र रास्त आहे. पुण्याच्या कडेला असलेल्या एका शेल्टरमध्ये मी प्राण्यांची देखभाल करणारी सहायक आहे, आणि आमचा बराचसा दिवस वाकून जातो. पिंजरे धुवायचे, पाण्याची भांडी घासायची, तीस किलोचं जखमी कुत्रं दोघींनी चादरीत घालून टेबलावर चढवायचं. प्रेम असलं तर उत्तमच, पण बादली प्रेमानं उचलली जात नाही. नुसत्या मायेपोटी आलेले कित्येक जण आठवड्याभरात दिसेनासे होतात. जे टिकतात, त्यांच्यात माया कमीजास्त असते, नजर मात्र पक्की असते.

मी आधी एका खासगी हॉस्पिटलात आया होते. करोनाच्या आधी ते काम सुटलं, शेजारणीच्या ओळखीनं इथे आले. बेडपॅन, ड्रेसिंगचा कचरा, रात्रीची सलाईन यांची सवय होतीच, त्यामुळे घाणीला बिचकले नाही. फरक जाणवला तो वेगळाच. तिथला पेशंट "मावशी, इथे दुखतंय" म्हणायचा. इथेही मला सगळे मावशीच म्हणतात, डॉक्टर, गाडीवरचे दादा, कॉलेजातून मदतीला येणारी मुलं. पेशंट तेवढा काही सांगत नाही. म्हणून आमच्याकडचा पहिला नियम असा की सकाळी आत शिरल्यावर झाडूला हात लावायचा नाही. आधी बघायचं.

रांगेतून एक चक्कर मारायची. ताटलीत किती उरलंय? शी घट्ट आहे की पातळ, रंग कसा, जंत दिसतात का? उलटी असेल तर तिच्यात भात आहे की नुसता पिवळा फेस? काल दाराशी येऊन उड्या मारणारी आज मागच्या कोपऱ्यात का? पट्टी जागेवर आहे की चावून काढली? एकदा पाइपनं पाणी मारलं की ही सगळी माहिती गटारात गेली. नवीन पोरांना स्वच्छतेचा उत्साह असतो, डॉक्टर येईपर्यंत फरशी लखलखीत करून ठेवतात. मग डॉक्टर विचारतात, "याला जुलाब होते का?" आणि कोणालाच सांगता येत नाही.

बघणं म्हणजे काय, त्याचं एक उदाहरण सांगते. नसबंदी झालेली एक काळी कुत्री होती. सकाळी सगळं जेवली, शेपटी हलवली, कार्डावर सगळं ठीक. पण बसताना मागचं अंग एकदम न टाकता हळूच टेकवत होती, टेकवून परत उचलत होती. डॉक्टरांना तेवढंच सांगितलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं तर टाक्यांखाली मऊ गोळा लागला. आतला टाका सैल झाला होता. दुपारच्या आत तिला पुन्हा टेबलावर घेतलं.

मांजरं तर याहून वस्ताद. दुखणं लपवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. कुत्रं दोन दिवस जेवलं नाही तर काळजी वाटते. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर आम्ही डॉक्टरांच्या मागेच लागतो, कारण उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि मूळ दुखणं राहतं बाजूला, हेच जिवावर बेततं. बोका मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथत असला की लोकांना वाटतं, पोट साफ होत नाहीये. पुष्कळदा त्याची लघवी अडकलेली असते. त्याला सकाळपर्यंत थांबवायचं नसतं, तसंच उचलून डॉक्टरांकडे न्यायचं असतं. हे शेल्टरबाहेरच्या, घरी बोका असणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

बघून झालं, कार्डावर लिहून झालं की मग झाडू. साफसफाईलाही क्रम आहे. आधी निरोगी पिल्लं आणि व्यालेल्या कुत्र्या, मग ऑपरेशनवाली, मग लूत लागलेली, आणि सगळ्यात शेवटी पार्व्होचा वॉर्ड. उलट्या दिशेनं कधीच नाही. पार्व्होच्या खोलीतली बादली, झाडू, गमबूट वेगळे, आणि तिथून बाहेर पडलेली बाई त्या दिवशी पिल्लांकडे फिरकत नाही.

एवढी शिस्त कशासाठी, ते सांगायला हवं. पार्व्हो हा विषाणू १९७८ मध्ये जगभर पसरला, त्याआधी कुत्र्यांच्या डॉक्टरांना तो ठाऊकच नव्हता. तो आतड्याचं अस्तर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी यांवर एकदमच हल्ला करतो. पिल्लू ओकतं, रक्ताचे जुलाब होतात आणि अंगातलं पाणी संपून ते जातं. त्या जुलाबांचा वास एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी तपासणीच्या आधीच कळतं. विषाणूला थेट मारणारं औषध आमच्या कपाटात नाही. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, ऊब देणं आणि पिल्लाचं स्वतःचं अंग लढेपर्यंत त्याला धरून ठेवणं, हाच उपचार. हा विषाणू फरशीच्या भेगांत, मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला लागतं ब्लीच, एका भागाला तीस भाग पाणी, आणि ओतल्यावर दहा मिनिटं ते तसंच राहू द्यायचं. त्याच्या आधी घाण साबणानं धुऊन काढायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच फुकट जातं. हॉस्पिटलात मी वर्षानुवर्षं फिनाईल वापरलं. इथे मांजरांच्या खोलीत ते आणायलाही बंदी आहे. मांजराच्या यकृताला फिनाईलसारखी रसायनं पचवता येत नाहीत, आणि पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी त्याला विषबाधा होते. घरात मांजर असलेल्या किती जणींना हे माहीत आहे, कोण जाणे.

जेवणाचं फार काही सांगण्यासारखं नाही. तांदळाची कणी, कोंबडीच्या माना आणि काळीज, लाल भोपळा, चिमूटभर हळद, सगळं एका मोठ्या पातेल्यात. मीठ नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, कांद्यानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लोक मायेनं उरलेली बिर्याणी, लग्नातली भाजी आणून देतात, ती आम्हाला गोड बोलून परत करावी लागते.

पावसाळा सुरू झाला की अळ्यांच्या जखमा येतात. मागच्या पावसाळ्यात रिक्षा स्टँडवरच्या मंडळींनी एक तांबडा कुत्रा पोत्यावर घालून आणला. वास आधी आला, कुत्रा नंतर दिसला. मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या मध्ये रुपयाएवढं भोक होतं. जीभ पोचत नाही अशाच जागी हे होतं. जिथे कुत्रं चाटू शकतं तिथे अळ्या फारशा टिकत नाहीत. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते, दिवसाभरात अळ्या निघतात आणि मांस खात आत आत जातात. बाहेरून भोक लहान, आत पोकळी तळहाताएवढी. केस कातरल्यावर आतलं सगळं भाताच्या आधणासारखं हलताना दिसलं. बरोबर आलेला एक तरुण रिक्षावाला बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला.

मी डोक्याकडे उभी राहिले. गॉजच्या पट्टीचा फास तोंडावर, पहिली गाठ वर, दुसरी हनुवटीखाली, मग दोन्ही टोकं कानांमागे नेऊन सुरगाठ. सुरगाठच का, तर उलटी आली किंवा श्वास अडकला तर एका ओढीत सुटली पाहिजे. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. इंजेक्शन आमच्या हातानं द्यायचं नसतं, ते डॉक्टरांचं किंवा त्यांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाचं काम. आम्ही धरायचं. हे धरणं सोपं वाटतं, पण त्यालाही हात बसावा लागतो. मान आपल्या कोपराच्या बेचक्यात, छाती त्याच्या अंगाला टेकलेली, पकड पक्की पण आवळलेली नको. आवळलं की तो जास्त झटापट करतो.

टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकावर काही मिनिटं ठेवला. श्वास कोंडला की अळ्या वर येतात. मग चिमट्यानं एकेक काढायची, ट्रेमध्ये टाकायची. बराच वेळ गेला. वरच्या संपल्या की डॉक्टर जखमेच्या पोकळीत बोट घालून आतल्या बाजूला चाचपायचे आणि आणखी निघायच्या. शेवटी जखम धुतली, भोवती माशा न बसण्याचं मलम लावलं, पण टाके घातले नाहीत. असली जखम आतून बाहेर भरत आणावी लागते. दुसऱ्या दिवशी परत उरलेल्या काढल्या, तिसऱ्या दिवशी नुसतं धुणं. रिक्षावाले रोज एक जण येऊन बघून जायचे. त्यांनी आणण्याआधी कोणीतरी त्या भोकात पेट्रोल ओतलं होतं, कडेची कातडी त्यानंच भाजली होती. पेट्रोल, रॉकेल, फिनाईल, डांबरगोळीची पूड असलं काही ओतू नका. अळ्या मरतात त्याहून जास्त नुकसान कुत्र्याचं होतं. आणि टर्पेंटाईनचं वाचून घरी प्रयोग करायलाही जाऊ नका.

माणसांच्या हॉस्पिटलातलं एक औषध इथे पुन्हा भेटलं, त्याचं मला अजून नवल वाटतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना जननेंद्रियावर फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ येते. हा कॅन्सर एका कुत्र्याकडून दुसऱ्याला समागमातून लागतो, म्हणजे गाठीच्या पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगात रुजतात. त्यावर आठवड्याला एक असं व्हिनक्रिस्टीनचं इंजेक्शन देतात. आमच्या कॅन्सर वॉर्डात रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटना दिलं जायचं, ते हेच. माणसाला त्यात किती भोगावं लागतं ते मी पाहिलंय. कुत्र्यांची ही गाठ बहुतेकदा चार ते सहा इंजेक्शनांत विरघळून जाते. त्या दिवसांत त्या कुत्र्याची लघवी पुसताना आम्ही हातमोजे घालतोच, कारण औषध लघवीतून बाहेर पडतं.

आता रेबीज. इथे कामाला लागायच्या आधीच आम्हाला लस टोचतात, पहिल्या दिवशी, सातव्या आणि मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या. पुढे कधी दात लागला तर आम्हाला दोनच डोस पुरतात, त्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक. लस न घेतलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात कातडीत टोचतात ते डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि जखम खोल असेल तर जखमेतच वेगळं सीरम. त्याआधी घरीच करायची गोष्ट म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुणं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही, जवळजवळ नाहीच.

पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धावत सुटलेलं, दिसेल त्याला चावणारं कुत्रं येतं. त्याहून फसवा प्रकार मुक्या रेबीजचा. कुत्रं गप्प बसून असतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याच्या घशात हाड अडकलंय. आणि तो दयाळू माणूस तोंडात हात घालतो. आमच्याकडे असं "हाड अडकलेलं" कुत्रं फोनवरून कळलं की गाडीवरच्या दादांचा आवाजच बदलतो. "हात लावू नका, पोरांना लांब करा, आम्ही निघालोय." असं कुत्रं वेगळ्या पिंजऱ्यात एकटं ठेवतात, तिथे फक्त ठरलेली माणसं जातात. पाण्याचं भांडं आम्ही लांब दांड्यानं सरकवतो. मला त्या पिंजऱ्याची भीती वाटते, ती वाटायलाच हवी असं डॉक्टर म्हणतात.

शेल्टरविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की इथे आणलेलं जनावर इथेच राहतं. लोक म्हणतात, "चांगलं झालं, त्याला घर मिळालं." आमचा निम्मा जीव कुत्री परत पाठवण्यात खर्च होतो. कुत्रं ज्या गल्लीतून उचललं तिथेच सोडायचं, हे कायद्यात आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये नियम आले, त्यांच्या जागी २०२३ चे नवे नियम आले. नसबंदी, रेबीजची लस, ओळखीसाठी कानाला खाच, आणि परत त्याच जागी. म्हणून गाडीतून उतरवतानाच गळ्यात बिल्ला अडकवतात आणि रजिस्टरमध्ये जागा लिहितात. "कोथरूड" एवढं लिहून भागत नाही. कुठला चौक, कुठलं मंदिर, कुठल्या चहावाल्यासमोर. गल्लीतली लस टोचलेली, नसबंदी झालेली कुत्री काढून टाकली की शेजारच्या भागातली नवी कुत्री शिरतात, ना लस, ना ऑपरेशन. एखाद्या भागातल्या सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस असेल तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टोचलेलं कुत्रं हाकलायचं म्हणजे त्या सत्तरातलं एक आपल्याच हातानं कमी करायचं.

तरी सोडायच्या दिवशी फोन येतातच. "आमच्याकडे नका सोडू, दुसरीकडे कुठेही सोडा." ज्यांच्या मुलाला कुत्रं चावलंय त्यांचा राग मला कळतो, त्यांच्याशी वाद घालायला माझी जीभ उचलत नाही. गेल्या वर्षी हा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवण्याचा आदेश आला, २२ ऑगस्टला तो बदलून, रेबीजची शंका असलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी-लस करून परत सोडा असं सांगितलं, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटलं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश झाला. कोर्टाचं मी काय बोलणार? पण शेल्टरमध्ये कुत्री ठेवा, हे सांगताना पिंजऱ्यातला कुत्रा कसा होतो ते पाहिलेलं असावं. महिनाभरात तो गोल गोल फिरायला लागतो, दारावर उड्या मारून नाकाची साल काढून घेतो. आणि जागा भरली की परवाचा अपघातवाला कुठे ठेवायचा, हाही प्रश्न आहेच.

आमच्या लहान डॉक्टर परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकल्या. त्या म्हणतात, मावशी, हे भांडण नवीन नाही. १८३२ च्या जूनमध्ये सरकारनं मुंबईतली मोकाट कुत्री मारायला माणसं लावली होती, कुत्र्यामागे पैसे मिळत म्हणून ती घरांतसुद्धा शिरू लागली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकारानं मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल आहे, तेही त्याच शतकातलं. म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षं आपण हेच विचारतोय की यांना ठेवायचं कुठे.

जी खरोखर परत जाऊ शकत नाहीत ती वेगळी. कंबर मोडलेली, ज्यांची लघवी दिवसातून तीनदा हातानं दाबून काढावी लागते. म्हातारी लॅब्राडोर, जी रात्री फाटकाला बांधलेली सापडते, बहुतेकदा नवीन पट्ट्यासकट. पुण्याच्या उन्हाळ्यात फ्लॅटमध्ये पाळलेले आणि मग नकोसे झालेले हस्की. केसांचा नमदा झालेली पर्शियन मांजरं. संक्रांतीला नायलॉनच्या मांजात पंख चिरलेल्या घारी आणि घुबडं येतात. हरित न्यायाधिकरणानं २०१७ मध्ये त्या मांजावर बंदी घातली, तरी येतात. त्यांच्याविषयी आम्ही वन खात्याला कळवतो. पिंजऱ्यातला पोपट घेऊनही लोक येतात, आणि देशी पोपट पाळणं गुन्हा आहे हे ऐकून चिडतात.

मरण रोजचंच आहे. उपाय संपले की डॉक्टर इंजेक्शन देतात, आधी गुंगीचं, मग शेवटचं, शिरेतून. धरायला मीच उभी राहते. नवीन पोरीला उभं करायचं नाही, हा माझा नियम आहे, शेल्टरचा नाही.

पगार हॉस्पिटलातल्यापेक्षा थोडा कमीच. सासूबाईंनी सुरुवातीला मोरीत वेगळी बादली ठेवली होती, कपडे बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. ती बादली अजून आहे, आणि असावीच. लूत आणि गजकर्ण माणसालाही लागतं. माझे दीर पाहुण्यांना माझी ओळख "हॉस्पिटलात असतात" अशी करून देतात. खोटं काय आहे त्यात?

तुम्हाला कधी फोन करायची वेळ आलीच तर एवढं करा. "तपकिरी कुत्रा आहे, लवकर या" असं सांगू नका, निम्मं पुणं तपकिरी कुत्र्यांचं आहे. दुकानाचं नाव सांगा, कानाला खाच आहे का बघा, उठून चालतोय का, रक्त कुठून येतंय, तोंडातून लाळ गळतेय का ते सांगा. लांबून एक फोटो पाठवा. शक्य असेल तर गाडी येईपर्यंत तिथेच थांबा, कारण जखमी कुत्रं सरकत सरकत गाडीखाली नाहीतर गटारात जाऊन बसतं आणि मग दादा तासभर शोधत राहतात. आणि आपला फोन उचला. गाडी चौकात पोचते तेव्हा बोलावणाऱ्याचाच फोन स्विच ऑफ, हे आमच्याकडे फार होतं.